चिलटाच्या ताटात तेल किती?

मे महिना. एजवेअरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर हापूसची पेटी आहे. पेटी आली की दोन दिवसांत तिच्यावर चिलटं घोंगावायला लागतात. आईला व्हिडिओ कॉलवर दिसलं की ती न चुकता विचारते, "घरात पण तेच आणि ऑफिसात पण तेच?" ऑफिस म्हणजे माझी लॅब. आणि हो, तिथेही हीच चिलटं आहेत, फक्त काचेच्या नळ्यांमध्ये आणि काही हजारांच्या संख्येने.

आधी एक गोंधळ निस्तरू. गावाकडे बागायतदार जिला 'फळमाशी' म्हणतात ती वेगळी. ती अख्ख्या, चांगल्या आंब्याला भोक पाडून आत अंडी घालते. याच माशीसारख्या किडींमुळे युरोपियन युनियनने (तेव्हा ब्रिटनही त्यात होतं) १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. २०१३ मध्ये भारतातून आलेल्या फळंभाज्यांच्या २०७ खेपांमध्ये कीड सापडली होती. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवायचं ठरलं. मधला एक सीझन इथल्या मराठी घरांनी हापूसविना काढला. तुमच्यापैकी जे तेव्हा शाळेत होते त्यांना आईबाबांची चिडचिड आठवत असेल.

आमचं चिलट म्हणजे ड्रॉसोफिला मेलानोगास्टर. ते बिचारं चांगल्या फळाच्या वाटेला जात नाही. फळ पिकून सडायला लागलं, त्यावर यीस्ट चढलं, की ते येतं. त्याला फळापेक्षा फळावरचं यीस्ट जास्त हवं असतं. इंग्रजीत दोघींनाही एकच नाव आहे, म्हणून पॉडकास्टच्या या भागानंतर "तुम्ही आंबे वाचवता का?" असा प्रश्न आला. नाही. मी बघते ते असं: या माशीला जगायला नेमकं काय काय खावं लागतं, आणि त्यात तेल-तुपाचा, म्हणजे फॅटी ॲसिडचा, वाटा किती? मराठी विश्वकोशात याला 'वसाम्ल' म्हणतात. मी इथे बोलीतला शब्द वापरते.

प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याच्या उत्तरात 'गरज' या शब्दाचाच अर्थ अडकलेला आहे, आणि तो तुमच्या-माझ्या ताटापर्यंत येतो.

पीठ, गूळ, यीस्ट आणि त्यात नेमकं काय?

माशांच्या लॅबमध्ये एक स्वयंपाकघर असतं, अगदी खरोखरचं. मोठ्या पातेल्यात मक्याचं पीठ, साखर किंवा काकवी, यीस्ट आणि अगर शिजवायचं, गरम असताना नळ्यांमध्ये ओतायचं, थिजलं की झाली माशांची खीर. मुंबईला टीआयएफआरमध्ये ओबैद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्स यांनी माशीच्या चवी-वासावरचं काम उभं केलं, पुण्यात आयसरमध्ये आजही माशांवर संशोधन चालतं. लॅब कुठलीही असो, पातेलं थोड्याफार फरकाने हेच.

अडचण अशी, की या खिरीत नेमकं काय आहे ते कुणालाच पूर्ण माहीत नसतं. मक्याच्या पिठात स्टार्च आहे, तसं तेलही आहे. यीस्टमध्ये प्रथिनं, जीवनसत्त्वं, चरबी, सगळंच आहे. समजा तुम्ही यीस्ट अर्धं केलं आणि माशा जास्त दिवस जगल्या. मग प्रथिन कमी झाल्यामुळे जगल्या, की चरबी कमी झाल्यामुळे? सांगता येत नाही. आमटीत काय कमी पडलं हे कळायला आमटीत काय काय घातलं होतं ते आधी माहीत हवं.

म्हणून 'कृत्रिम आहार' बनवायचा. प्रत्येक घटक शुद्ध रसायन, प्रत्येकाचं वजन माहीत. असं खाणं पूर्णपणे ज्ञात असेल तर त्याला 'होलिडिक' म्हणतात. त्याच्या अलीकडची पायरी 'मेरिडिक': बहुतेक घटक माहीत, पण एखादा कच्चा.

१९५६ मध्ये एडिंबरामध्ये काम करणाऱ्या जेम्स सँग यांनी माशीच्या अळीला काय किती लागतं याचा मोठा हिशेब छापला. त्यांच्या खाण्यात दुधातलं केसीन, साखर, जीवनसत्त्वं, क्षार, यीस्टमधलं न्यूक्लिक ॲसिड आणि कोलेस्टेरॉल होतं. पद्धत साधी होती: एकेक गोष्ट काढायची किंवा कमी-जास्त करायची आणि अळी माशी होईपर्यंत पोचते का ते बघायचं. पण केसीन म्हणजे शेवटी दुधातून आलेली वस्तू. त्याच्यासोबत आणखी काय येतं याची धाकधूक राहतेच.

ती धाकधूक २०१४ मध्ये बरीच कमी झाली, आणि तीही आमच्याच ट्यूब लाइनवर. एजवेअर हे नॉर्दर्न लाइनचं शेवटचं स्टेशन. तिथून वॉरन स्ट्रीटला उतरलं की थोडं चालून युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येतं. तिथे तेव्हा असलेल्या मॅथ्यू पायपर आणि सहकाऱ्यांनी माशीसाठी होलिडिक आहाराची कृती प्रसिद्ध केली. एका लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर, २० ग्रॅम अगर, वीसच्या वीस अमिनो ॲसिड सुटी सुटी, जीवनसत्त्वं, लोह-तांबं-जस्तासारखे धातू, कोलीन, इनॉसिटॉल, आणि ०.३ ग्रॅम कोलेस्टेरॉल. या खाण्यावर अंड्यातून निघालेली अळी वाढते, कोशात जाते, माशी होऊन बाहेर पडते आणि अंडी घालते. नेहमीच्या खिरीपेक्षा काही दिवस उशिरा, पण होतं सगळं.

आता ती यादी परत वाचा. तेल कुठे आहे? नाही. एकही फॅटी ॲसिड नाही.

साखरेतून चरबी: हे तर आपणही करतो

हे शक्य कसं होतं ते सोपं आहे. लाडू खाल्ले की पोट सुटतं ते लाडवातल्या तुपामुळेच असं नाही, साखरेमुळेही. शरीर साखर मोडून दोन-दोन कार्बनचे तुकडे करतं आणि ते तुकडे एकामागे एक जोडून १४, १६, १८ कार्बनची साखळी बनवतं. ही साखळी म्हणजे फॅटी ॲसिड. माशीही हेच करते. शिवाय तिच्याकडे एक एन्झाइम आहे, जे साखळीतल्या नवव्या कार्बनपाशी एक 'दुहेरी बंध' टाकतं. १८ कार्बनच्या साखळीत हा बंध पडला की ओलेइक ॲसिड तयार होतं. ऑलिव्ह तेलात मुख्यतः हेच असतं.

मात्र एक स्निग्ध पदार्थ माशीला अजिबात बनवता येत नाही, तो म्हणजे कोलेस्टेरॉल. आपण ज्याला घाबरतो आणि आपलं यकृत जे स्वतःच भरपूर बनवतं, ते माशीला खाण्यातूनच मिळवावं लागतं. तेच किंवा यीस्ट-वनस्पतींमधले त्याचे भाऊबंद. सगळ्याच कीटकांचं असं आहे. ते पेशींच्या पटलात लागतं, आणि कात टाकायला सांगणारं हार्मोनही त्यापासूनच बनतं.

हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण मनावर ठसलं ते माझ्याच चुकीने. जर्मनीत पीएचडी करताना मी पहिल्यांदा हे खाणं बनवलं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते अल्कोहोलमध्ये विरघळवून घालतात. माझी बाटली थंडीत राहिली होती, तळाशी पांढरे स्फटिक बसले होते, आणि मी वरचं स्वच्छ द्रावण मोजून ओतलं. अंडी फुटली, अळ्या निघाल्या, खात होत्या, हलत होत्या. आठवडा गेला, दुसरा गेला. मेल्या नाहीत आणि मोठ्याही झाल्या नाहीत. एकही कोश नाही. मी अमिनो ॲसिड परत तोलले, जीवनसत्त्वं नवीन मागवली, इनक्युबेटरचं तापमान तपासलं. दोन महिने गेल्यावर कुणीतरी सहज विचारलं, "बाटली गरम करून हलवली होतीस ना?" त्या दिवसापासून मी कुठलीही बाटली न हलवता वापरत नाही. घरी काकवीची पण.

तर हिशेब असा जुळला: कोलेस्टेरॉल काढलं की वाढ थांबते, म्हणून ते 'आवश्यक'. फॅटी ॲसिड काढलं तरी माशी होते, म्हणून ते 'अनावश्यक'. बरीच वर्षं पुस्तकांत हे असंच लिहिलं गेलं. फुलपाखरं-पतंगांसारख्या कीटकांना काही फॅटी ॲसिड खाण्यातून द्यावीच लागतात, नाहीतर कोशातून बाहेर पडताना पंख नीट उघडत नाहीत. माशीचं तसं काही दिसत नव्हतं.

तूप थिजतं, तेल थिजत नाही

इथे जरा तुमच्या स्वयंपाकघरात चला. लंडनच्या हिवाळ्यात हीटिंग बंद असेल तर सकाळी तुपाचा डबा दगडासारखा असतो. शेजारची करडईच्या तेलाची बाटली मात्र वाहती असते. का?

तुपातल्या बऱ्याच साखळ्या सरळ असतात. सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधता येते. साखळीत दुहेरी बंध आला की ती वाकते, आणि वाकड्या काड्यांची मोळी सैल राहते. आकड्यांत बघा, साखळी १८ कार्बनचीच, फक्त दुहेरी बंध वाढत जातात. एकही बंध नसलेलं स्टिअरिक ॲसिड सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळतं. एक बंध असलेलं ओलेइक सुमारे १३ अंशांना. दोन बंधांचं लिनोलेइक उणे ५ च्या आसपास, आणि तीन बंधांचं अल्फा-लिनोलेनिक उणे ११ च्या आसपास. (शेवटच्या दोन नावांत एका अक्षराचा फरक आहे. मीसुद्धा गोंधळते.)

आता प्रत्येक पेशीभोवती जे पातळ पटल असतं ते याच साखळ्यांचं बनलेलं आहे. त्यात प्रथिनं तरंगतात, सरकतात, उघड-मीट करतात. पटल किती लवचीक आहे हे त्यातल्या वाकड्या काड्यांवर ठरतं.

आणि माशीची मर्यादा इथेच आहे. ती पहिला बंध टाकू शकते, पुढचा नाही. दोन किंवा तीन बंधांची साखळी तिला खाण्यातूनच मिळते. मक्याच्या पिठात लिनोलेइक असतं, म्हणून नेहमीच्या खिरीवर वाढलेल्या माशीला ते आपोआप मिळतं. बेकरीचं यीस्ट स्वतः असे जास्त बंध बनवत नाही, म्हणून नुसत्या यीस्टवर वाढलेल्या माशीला ते मिळत नाही. होलिडिक खाण्यात तर ते अजिबातच नाही. आईने अंड्यात जे थोडं ठेवलं असेल तेवढंच.

मग या माशीत काही उणं असतं का? दिसायला नाही. उडते, खाते, अंडी घालते. उणं शोधायला कुठे बघायचं ते माहीत हवं.

डोळ्यात बघा

२०१५ मध्ये केंब्रिजच्या रॉजर हार्डी यांच्या गटाने माशीच्या डोळ्यात बघितलं. माशीचा डोळा हा प्राणिसृष्टीतल्या सर्वांत चपळ डोळ्यांपैकी एक. प्रकाशाचा कण पडला की काही हजारांश सेकंदात पटलातले मार्ग उघडतात. हार्डी यांचा तर्क असा होता की हे उघडणं अंशतः पटलाच्या ओढाताणीवर अवलंबून आहे. तसं असेल तर पटल ताठ केलं की डोळा मंद व्हायला हवा. पटल ताठ कसं करायचं? जीन बदलून नाही, खाणं बदलून. त्यांनी माशांना यीस्टच्या आहारावर वाढवलं.

डोळ्यातल्या पटलात दोन किंवा जास्त बंध असलेल्या साखळ्यांचं प्रमाण ३८ टक्क्यांवरून जवळपास ५ टक्क्यांवर आलं. आणि प्रकाशाला प्रतिसाद द्यायला दोन ते तीन पट वेळ लागायला लागला. मग त्याच आहारात फक्त एक फॅटी ॲसिड घातलं, लिनोलेइक किंवा लिनोलेनिक, दोन्हींपैकी कुठलंही एक. पटलातलं प्रमाण परत वर आलं.

दुसरं उदाहरण थंडीचं. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की उबेत माशी यीस्ट पसंत करते, पण थंडी वाढली की वनस्पतींचं खाणं निवडते. वनस्पतींच्या खाण्यात जास्त बंधांच्या साखळ्या असतात, आणि त्यावर माशी थंडीत जास्त तग धरते. तूप थिजण्याची अडचण तिलाही आहे, आणि ती तिने खाणं बदलून सोडवली आहे.

म्हणजे २५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये, जिथे कुणी झडप घालत नाही आणि हिवाळा येत नाही, तिथे माशीला फॅटी ॲसिडची 'गरज' नाही. बाहेर, जिथे कोळी आहे आणि ऑक्टोबर आहे, तिथे दोन-तीन पट मंद डोळा म्हणजे मरण असू शकतं. सँग यांचा हिशेब चुकीचा नव्हता. त्यांनी विचारलेला प्रश्न 'अळीची माशी होते का?' हा होता. उत्तर तेवढ्याच प्रश्नाचं होतं.

माझ्या कामात याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. समजा मी एका जीनमध्ये बदल असलेल्या माशा कृत्रिम खाण्यावर ठेवल्या आणि त्या मंद वागल्या. दोष जीनचा की ताठ पटलाचा? दोन्ही गटांना तेच खाणं दिलं असलं तरी प्रश्न संपत नाही, कारण तो जीन एरवी निभावून नेत असेल आणि फक्त या उपाशी पटलातच उघडा पडत असेल. हार्डी यांच्याच प्रयोगात असं घडलं: एक जीन आधीच अशक्त असलेल्या माशांमध्ये यीस्टच्या आहाराने डोळ्याचा प्रतिसाद जवळपास नाहीसाच झाला. म्हणून आता मी होलिडिक खाण्याच्या दोन तुकड्या बनवते, एक नुसती आणि एक लिनोलेनिक घातलेली. काम दुप्पट होतं. पण निष्कर्ष कुठल्या माशीबद्दल आहे ते तरी कळतं.

आणि आपण?

दुसरा बंध टाकण्याची अडचण माणसालाही आहे. १९२९ मध्ये मिनेसोटामध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना चरबी पूर्ण काढलेलं खाणं दिलं. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले, मूत्रपिंडं बिघडली. लिनोलेइक ॲसिडने ते बरे झाले. 'आवश्यक फॅटी ॲसिड' ही कल्पना तिथून आली. पुढे त्यांच्याच एका सहकाऱ्याने सहा महिने जवळपास चरबीविना काढले आणि त्याला काहीच झालं नाही. त्यावरून मोठ्या माणसाला गरज नसावी असं काहींना वाटलं. पण प्रौढ माणसाच्या अंगात आधीच साठा असतो, माशीच्या अंड्यात असतो तसाच. साठा संपेपर्यंत उणीव दिसत नाही.

ती दिसली ती माणसाच्या स्वतःच्या होलिडिक आहारात, म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या पोषणात. १९८२ मध्ये राल्फ होल्मन (हे बर यांचेच विद्यार्थी) आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या एका मुलीची हकीकत छापली. पोटात गोळी लागल्याने तिला सगळं पोषण शिरेतूनच द्यावं लागत होतं. त्यातली चरबी होती करडईच्या तेलाची. करडईत लिनोलेइक भरपूर, अगदी तीन चतुर्थांशाच्या आसपास, पण अल्फा-लिनोलेनिक जवळपास नाहीच. पाचेक महिन्यांनी मुलीला बधिरपणा आला, पाय दुखू लागले, चालता येईना, नजर धूसर झाली. करडईऐवजी सोयाबीनचं तेल असलेलं मिश्रण दिलं, ज्यात लिनोलेनिकही असतं, आणि लक्षणं गेली. एका रुग्णावरून सगळं ठरत नाही. तरी पुन्हा डोळाच, आणि पुन्हा असं खाणं ज्यावर माणूस 'जगत' होता. माशीचं काम एका बंधुवर्गातल्या कुठल्याही फॅटी ॲसिडने भागलं. आपल्याला दोन्ही हवीत.

सोलापूर-मराठवाड्याच्या घरांत करडईचं तेल आणि जवसाची चटणी एकाच ताटात असतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक असतं. आजीला हे रसायनशास्त्र माहीत होतं असं मी म्हणणार नाही. ज्या रानात जे पिकतं ते ताटात येतं, आणि त्या रानात ही दोन्ही पिकं होती, इतकंच. पण आपण इथे येताना ताट अर्धं घेऊन येतो. तेल मिळेल ते घेतो आणि चटणी राहून जाते. शाकाहारी असाल तर हे जरा जास्त लागू आहे, कारण मासे खाणाऱ्यांना लांब साखळीची ओमेगा-३ आयती मिळतात आणि आपल्याला ती लिनोलेनिकपासून थोडीथोडीच बनवता येतात. मी डॉक्टर आहे ती माशांच्या कामाची, त्यामुळे याला सल्ला समजू नका. पण जवस इथल्या सुपरमार्केटात 'हेल्थ फूड'च्या कपाटात मिळतो. भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून कुटायला दहा मिनिटं लागतात. भातावर कच्चं तेल घालून खा.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं की अमुक गोष्ट शरीराला 'लागतच नाही', तर एवढंच विचारा: कशासाठी लागत नाही? जगायला, की बघायला? आणि किती दिवस वाट बघून हे ठरवलं?

आमच्या पेटीत आज चार आंबे उरलेत, त्यातला एक गेला. तो मी ओट्यावरच ठेवलाय. चिलटं आली आहेत, आणि फळाची साल सोडून सडलेल्या भागावरच बसली आहेत.